महानंदाच्या आठ चुका

नांदेड-लातूरकडे जायचं ठरलं तेव्हा पुण्यातल्या प्रत्येकानं मला पाण्याबद्दल सल्ला दिला. तिकडे दुष्काळ आहे, पाणी उकळून प्या. तिकडे दुष्काळ आहे, उकळायलाही मिळणार नाही. शेजारच्या काकूंनी तर त्यांचा फिरकीचा तांब्या काठोकाठ भरून माझ्या हातात ठेवला, जणू मी वाळवंटात निघाले होते. तो तांब्या मी दहा दिवस सगळीकडे मिरवला आणि परतताना तो महानंदाच्या घरी विसरून आले. काकू अजून त्याची आठवण काढतात.

मी अध्यापक महाविद्यालयात शिकवते, म्हणजे शिकवायचं कसं हे शिकवते. आमच्या घरच्यांना हे काम मुळात अस्तित्वातच आहे असं वाटत नाही. त्यात माझा संशोधनाचा विषय 'अभिरूप अध्यापन' हा. सोपं करून सांगायचं तर, शिक्षक होऊ घातलेल्यांना खऱ्या मुलांपुढे उभं करण्याआधी आम्ही खोट्या वर्गापुढे उभं करतो. त्यांचेच सोबती बाकांवर बसतात, विद्यार्थी होतात, खोड्या काढतात आणि समोरच्यानं त्यांना शिकवायचं. मुली भातुकलीत स्वयंपाक करतात तसाच हा प्रकार. भातुकलीत तयार झालेल्या मुलीला खरी चूल पेटवता येते का, एवढाच माझा प्रश्न होता. पुण्यात तो तपासून झाला होता. मराठवाड्यातही तेच उत्तर येतं का, हे बघायला मी निघाले होते.

सोबत सामान दोनच गोष्टींचं. एक, तीस चिठ्ठ्या. खोट्या वर्गातल्या प्रत्येकानं कोणती खोडी काढायची ते त्यांवर लिहिलेलं: खिडकीबाहेर बघतो, शेजाऱ्याला चिमटा काढतो, सारखं पाणी प्यायला जाऊ का विचारतो. दुसरी गोष्ट निरीक्षण तक्ता. शिकवणाऱ्यानं किती प्रश्न विचारले, फळा कसा वापरला, आशयाच्या चुका किती केल्या, सगळ्याला रकाने. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर पाठ नापास. हा नियम मीच केला होता आणि मला त्याचा बराच अभिमान होता.

नांदेड

नांदेडच्या महाविद्यालयात माझं स्वागत फार अगत्यानं झालं. प्राचार्यांनी लगेच एक जास्तीचं कामही गळ्यात घातलं. तुम्ही पाठ बघणारच आहात, तर बहिःस्थ परीक्षकही तुम्हीच व्हा, म्हणजे आणखी एका माणसाचा प्रवास वाचेल. मी हो म्हटलं. त्या एका 'हो'नं पुढे माझी झोप उडवली.

चिठ्ठ्या वाटल्यावर वर्ग जो काही रंगला, त्याला तोड नाही. गंगाधर म्हणून एक होते, चाळिशीचे, झुपकेदार मिशांचे. गेली बारा वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवत होते, आता पदवी घ्यायला आलेले. त्यांना चिठ्ठी आली 'आईची आठवण येऊन रडतो' अशी. ते गुडघ्यात डोकं घालून असे हुंदके द्यायला लागले की बाहेरचा शिपाई धावत आत आला.

अशा वर्गापुढे महानंदा बिराजदार उभी राहिली. वय असेल अठ्ठावीस-तीस, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, पदर कमरेला खोचलेला. उदगीरच्या धान्याच्या व्यापाऱ्याची सून. लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झालेली. तिनं चिमटे काढणाऱ्याला फळा पुसायला लावला, खिडकीबाहेर बघणाऱ्याला बाहेर काय दिसतं ते सांगायला लावलं आणि रडणाऱ्या गंगाधरांचे चालता चालता पदरानं डोळे पुसायचा असा अभिनय केला की ते रडणं विसरून हसायला लागले. माझा तक्ता काठोकाठ भरला. इतके चांगले गुण मी पुण्यातही कुणाला दिले नव्हते.

चहाच्या वेळी प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेल्या वर्षीही ती अशीच शिकवायची. मग अंतिम पाठाला खऱ्या मुलांपुढे उभी राहिली आणि तिची वाचाच बसली. सात मिनिटांत खाली उतरली. नापास. यंदा तिनं पुन्हा प्रवेश घेतला होता आणि घरून शेवटची मुदत मिळाली होती. उदगीरजवळच्या एका गावात शाळेत शिक्षकाची जागा रिकामी होती, तिथेच तिचा सध्याचा सराव चालू होता. पास झाली तर जूनपासून नोकरी, नाही तर सासऱ्यांच्या दुकानाची गादी.

महानंदाला मी विचारलं तेव्हा ती सासऱ्यांबद्दल एवढंच म्हणाली, "आप्पा म्हणले, पोरी, एकदा बघितलं, आता आणखी एकदाच. त्यांचंबी बरोबर हाय मॅडम."

त्यानंतर गंगाधरांचा पाठ झाला आणि महानंदा बाकावर विद्यार्थी म्हणून बसली. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'शिक्षकाची चूक दिसली की स्वस्थ बसवत नाही'. गंगाधरांनी गोदावरी चुकून उलटी वाहवली. महानंदा आधी बाकावर चुळबुळली, मग अर्धी उठली, मग सरळ जाऊन त्यांच्या हातातला खडू घेऊन नदी सुलट केली. सगळे हसले, मीही हसले. पण लिहिलं काहीच नाही. माझ्या तक्त्यात विद्यार्थी झालेल्यांसाठी रकाना नव्हता.

अर्धापूर

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला अर्धापूरची केळी दाखवायला नेलं. ज्यांच्या विहिरीला अजून पाणी होतं त्यांच्या बागा हिरव्यागार आणि बांधापलीकडे लगेच पानं फाटून लोंबणारी करडी झाडं. असं शेजारी शेजारी बघायला फार वाईट वाटतं. हिरव्या बागेच्या मालकानं मला एक फणी दिली आणि पलीकडच्या बागेच्या मालकानं, आपली बाग वाळली असूनही, कुठून तरी दुसरी आणून दिली. नाही म्हणायची सोय नव्हती. दोन्ही फण्या मी तक्त्यांच्या पिशवीत ठेवल्या आणि उदगीरच्या एसटीत त्या पिशवीवर एक धिप्पाड गृहस्थ निवांत बसले. माझ्या प्रबंधाच्या मूळ कागदांना अजून केळ्याचा वास येतो.

उदगीर

अंतिम पाठाची तारीख मी महिनाभर आधीच पत्रानं कळवली होती. त्या तारखेला सकाळी उदगीरच्या स्टँडवर उतरले, तर गावात चिटपाखरू नाही. दुकानं बंद, रस्ते ओस, चहाची टपरीही झाकलेली. मला वाटलं संचारबंदी लागली. तेवढ्यात महानंदा येताना दिसली, हातात गाठोडं, चेहऱ्यावर हसू.

त्या दिवशी वेळ अमावास्या होती. या भागात वेळ अमावास्येला सगळं गाव रानात जेवायला जातं. लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षंच झालेली, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही अजून नवा, पण जिल्हा नवा असला तरी सुट्टी जुनीच. शाळा अर्थातच बंद होती. मग मला कळवलं का नाही, असं विचारल्यावर महानंदा ओशाळली. पुण्याच्या मॅडमनी तारीख दिली, ती चुकली म्हणून कसं कळवायचं, असं म्हणून सगळ्यांनी गप्प राहायचं ठरवलं होतं.

पाठ दुसऱ्या दिवसावर गेला आणि मी बिराजदारांच्या रानात जाऊन पोचले. रान त्याच गावात होतं जिथली ती शाळा. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी कोप उभारलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. बाजूला घोंगडीत गुंडाळलेलं आंबिलाचं मडकं. ज्वारी मात्र गुडघ्याच्या वर गेली नव्हती, कणसांचा पत्ता नव्हता. एरवी या दिवशी माणूस उभा राहिला तर दिसत नाही म्हणतात.

महानंदाचे सासरे आप्पा त्या खुरट्या ज्वारीत फिरून प्रत्येक कोपऱ्यात आंबील शिंपडत होते. अशा वर्षीही सण तेवढाच करता का, असं माझ्या तोंडून निघून गेलं. आप्पा थांबले.

"पीक आलं न्हाई म्हणून रानाला उपाशी ठिवावं का?" ते म्हणाले, आणि पुढच्या कोपऱ्याकडे गेले.

मी उगीचच चष्मा पुसत बसले.

जेवणाबद्दल थोडं सांगायलाच हवं. भज्जी म्हटल्यावर मी तळलेली भजी समजून हात पुढे केला होता, तर ती निघाली डाळी, शेंगदाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली दाट भाजी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे आणि वर थंडगार आंबट आंबील. पहिला घोट मला जड गेला, तिसऱ्यानंतर मी लोटा सोडला नाही. महानंदाच्या सासूबाई, त्यांना सगळे अव्वा म्हणतात, दर वेळी मी नको म्हणायच्या आत वाढून मोकळ्या व्हायच्या.

आजूबाजूच्या रानांतली पोरंही गोळा झाली होती. काय त्यांचा दंगा. कानडी-मराठी मिसळलेल्या आरोळ्या ठोकत ती कोपीभोवती फिरत होती. मलाही ओढलं आणि मी नेमकी उलट्या बाजूनं फिरायला लागले. दोन वेण्यांच्या एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं माझं कोपर धरून मला गर्रकन वळवलं आणि सगळ्यांनी हसून रान डोक्यावर घेतलं. तिचं नाव रेणुका. पाचवीत होती, म्हणजे उद्याच्या वर्गातलीच. हीच पोरं उद्या महानंदापुढे असणार म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. खोड्यांना तोंड कसं द्यायचं हे तिला पाठ होतं.

मुक्काम बिराजदारांच्याच घरी होता. पाठाच्या दिवशी सकाळी तिथे एक फजिती झाली. अव्वांनी मला आंघोळीला भरलेली बादली दिली. मी मोरीत बसून पुण्याच्या सवयीनं खळाखळा आंघोळ केली आणि बाहेर आले. मोरीच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं मोठं घमेलं मी नंतर बघितलं आणि परसात म्हैस रिकाम्या पाटीत तोंड घालून उभी होती, तीही बघितली. घरातले सगळे त्या घमेल्यात बसून आंघोळ करायचे आणि ते पाणी म्हशीला जायचं. मी तिच्या वाटचं पाणी गटारात सोडलं होतं. पाव्हणीला चूक कशी दाखवायची, म्हणून कुणी तोंड उघडलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा

पाचवीचा वर्ग एकाच खोलीत, जमिनीवर पट्ट्या अंथरून. भिंतीवर जिल्ह्याचा जुना नकाशा, त्यावर उस्मानाबाद हे नाव आणि लातूर म्हणजे नुसता एक ठिपका. मुख्याध्यापकांनी नव्या जिल्ह्याची हद्द लाल शाईनं हातानं आखलेली. पाठाचा विषय होता नकाशावाचन.

महानंदा आत आली. मी मागे तक्ता मांडीवर घेऊन बसले.

सगळी पोरं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. कालचीच पोरं. पुण्याच्या बाई येणार, कुणी तोंड उघडलं तर बघा, अशी तंबी मुख्याध्यापकांनी सकाळीच दिलेली. महानंदानं विचारलं, आपला जिल्हा कोणता. शांतता. आपल्या गावाला कुठून कुठून रस्ते येतात. शांतता. पोरं तिच्याकडे टक लावून बघत होती आणि कुणी पापणीसुद्धा हलवत नव्हतं. माझ्या तीस चिठ्ठ्यांत 'गप्प बसतो' अशी एकही चिठ्ठी नव्हती. पुण्याच्या पोरांवरून लिहिलेल्या त्या चिठ्ठ्या, मला ते सुचणारच कसं?

महानंदाचा आवाज बसत चालला. चौथा प्रश्न तर मला ऐकूच आला नाही. ती वळली आणि फळ्यावर गावाचा नकाशा काढू लागली, वेळ काढण्यासाठी असावं. वरच्या बाजूला उत्तर दिशा लिहिली, मधे शाळा काढली आणि टँकर उभा राहतो ती जागा दाखवली शाळेच्या डाव्या हाताला.

टँकर उजव्या हाताला उभा राहतो. मी येतानाच बघितला होता. मी तक्त्यात चुकीची एक रेघ ओढली.

रेणुकाचं बोट तोंडावरून क्षणभर खाली आलं आणि परत गेलं.

महानंदानं त्याच वेळी मान वळवली होती. ती पुन्हा फळ्याकडे फिरली आणि मारुतीचं देऊळ ओढ्याच्या पात्रात काढलं. दुसरी रेघ. हातपंप मुख्याध्यापकांच्या घरात काढला. तिसरी. मग पिंपळ रस्त्याच्या मधोमध. चार झाल्या, म्हणजे संपलं. सात मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी खाली मान घालून रेघा ओढत राहिले, कारण वर बघायचं धाडस होत नव्हतं. पाच. सहा. सात. दुकानाची गादी डोळ्यांसमोर दिसायला लागली.

मग कुठून तरी फसकन हसू आलं. मी मान वर केली. अख्खी पट्टी चुळबुळत होती. तोंडावरची बोटं आता हसू दाबायला होती. महानंदानं शांतपणे उदगीरचा रस्ता काढला, तो तळ्यातून नेला आणि वर म्हणाली, उदगीरची गाडी इथून येते.

रेणुका उठून उभी राहिली. "बाई, असं न्हाई," ती म्हणाली, आणि पुढे जाऊन तिनं महानंदाच्या हातातला खडू घेतला.

त्यानंतरची पंचवीस मिनिटं मी काहीच लिहिलं नाही. उत्तर वर लिहिलीय तर सूर्य उजव्या हाताला उगवायला पाहिजे आणि टँकर सूर्याच्या बाजूलाच पाहिजे, असं रेणुकानं सगळ्यांना समजावलं. मग एकानं देऊळ ओढ्यातून बाहेर काढलं. दुसऱ्यानं रस्ता वळवला, त्याला तिसऱ्यानं अडवलं, दिशांवरून कडाक्याचं भांडण झालं. महानंदा आता मधे उभी राहून फक्त विचारत होती, का, कशावरून, मग पूर्व कुठली. शेवटी तिनं त्यांना भिंतीवरच्या नकाशाकडे नेलं, तर एका पोरानं उस्मानाबाद या नावावर बोट ठेवून सांगितलं की हे छापणाऱ्याचंही चुकलंय. मुख्याध्यापक स्वतः लाल शाईची दौत घेऊन आले. तंबी ते विसरूनच गेले होते.

तास संपला. माझ्या तक्त्यात आशयाच्या चुका आठ होत्या, शाईनं. नियमानं पाठ नापास होता आणि इतका चांगला पाठ मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता.

परतीची वाट

गाडीरस्त्यापर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. मी तिला शाबासकी दिली, चुकण्याची युक्ती फार नामी होती म्हणाले. ती चालता चालता थांबली.

"मॅडम, खरं सांगू? पहिली खरंच चुकले मी. भ्यालते. मंग त्या पोरीचं बोट हाललं. नांदेडात गंगाधर सरांच्या तासाला मी बाकावर बसून अशीच तळमळले व्हते. म्हणलं, आता आणखी चुकावं."

मी रस्त्यातच खाली बसले आणि पिशवीतून तक्ता काढला. तीन वर्षं मी शिकवणाऱ्यांच्या नोंदी करत होते. खोट्या वर्गात माणूस बाकावर बसतो तेव्हा तोही काही शिकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. महानंदाला भातुकलीनं चूल पेटवायला शिकवलं होतं ते फळ्यासमोर नव्हे, बाकावर, आणि मी तेव्हा नुसती हसत होते. मला स्वतःची लाज वाटली आणि तितकाच आनंदही झाला. सात रेघा मी खोडल्या, प्रत्येकीपुढे 'जाणूनबुजून' लिहून सही केली.

"पहिली राहू दे," मी म्हटलं. "ती तुझी खरी कमाई आहे."

ती हसली, मग रडली, मग पदरानं माझा केळ्यानं चिकट झालेला तक्ता पुसायला लागली.

घरी आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी फक्त झालं का विचारलं. झालं म्हटल्यावर ते सुपारी कातरायला लागले. "मंग दुकानाला दुसरा माणूस बघावा लागंल," ते म्हणाले, आणि अव्वांना कालची भज्जी गरम करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणी सांगायच्या आत घमेल्यात बसून आंघोळ केली. पुण्याच्या अंगाला ते जमवायला कसरतच करावी लागते. म्हशीला पाणी मी स्वतः नेऊन दिलं. तिनं सगळं संपवलं.

पुण्यात आल्यावर मी नवा तक्ता केला, त्यात बाकावर बसणाऱ्यांसाठी रकाना घातला आणि संशोधन वर्षभर लांबवलं. मार्गदर्शक वैतागले आहेत. चिठ्ठ्या आता एकतीस आहेत.

जूनच्या शेवटी महानंदाचं कार्ड आलं. पाऊस बरा आहे, तांब्या जपून ठेवला आहे, आप्पा बरे आहेत, असं सगळं बारीक अक्षरात. सगळ्यात खाली, जागा उरली नव्हती तिथे कडेनं लिहिलं होतं: 'काल फळ्यावर खरंच चुकले. पोरं उठली, खडू घेतला, दुरुस्त केलं. त्यांना वाटलं बाई मुद्दाम चुकल्या. मी काही बोलले नाही.'